वेल्समधलं डोंगराळ मेंढ्यांचं फार्म: दोन हिवाळ्यांनंतर

विक्रीच्या माहितीपत्रकात दगडी गोठ्यांचा पानभर फोटो होता आणि खाली 'रूपांतराला भरपूर वाव'. चराईचे हक्क आणि पाण्याचा झरा शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलेले. दोन हिवाळे काढल्यावर सांगतो, असलं पत्रक मागून पुढे वाचावं.

फार्म आम्ही कळपासकट घेतलं आणि तेच सर्वांत लाभलं. सामायिक डोंगराला आत कुंपण नाही, तरी या मेंढ्या आपल्याच भागात चरतात, कारण कोकरं ती हद्द आईच्या मागे फिरून शिकतात. बाहेरचा कळप आणून सोडला, तर शेजाऱ्यांच्या कळपातून आपल्या मेंढ्या वेचत बसायचं. सामायिक जमिनींच्या १९६५ च्या कायद्याखालच्या नोंदवहीत किती जनावरांचा हक्क लिहिलाय, हे वकिलाकडून आधीच बघून घ्या.

गोठ्यांचं काम मुंगीच्या पावलांनी चाललंय. शेतीच्या इमारतीचं घर करायला इंग्लंडमध्ये 'क्लास क्यू'ची सोपी वाट आहे, वेल्समध्ये ती नाही. रीतसर प्लॅनिंग परवानगी लागते. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून त्याआधी त्यांचा सर्व्हे, आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणारी वटवाघळं मोजायचा हंगाम मे ते सप्टेंबर. ताबा शरद ऋतूत मिळाला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत छपराला हात लावायचा नाही. राहत्या घराला आधीच्या कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता, ओल भिंतीतच कोंडलेली. तो खरवडून चुना लावला; आता खोल्यांना कुबट वास येत नाही. खर्चाचं विचारू नका.

पर्यटकांना भाड्याने द्यायच्या सुटीघराचं गणित दलाल सांगतात तितकं गोड नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाने ते वर्षात १८२ दिवस भाड्याने गेलं, तरच व्यवसायाच्या दराने कर. नाहीतर कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरांवरचा स्थानिक कर. नोव्हेंबरच्या पावसात इथे कोण येणार? शिवाय पाहुण्यांना झऱ्याचं पाणी द्यायचं, तर कौन्सिल नमुने तपासते. अतिनील दिव्याचं यंत्र बसवलंय, ते बिनतक्रार चालतं. वीज गेली की मात्र पाणी उकळून घ्यायचं.

म्हणून सध्या फक्त तंबू. वर्षाला २८ दिवस प्लॅनिंग परवानगीशिवाय जागा देता येते, आणि आम्हाला तेवढं पुरतं. एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा कोणालाच घेत नाही. कुत्रा आणणाऱ्यांना तर वर्षभर नकार.