घरपट्टीची हरकत लिहून देणारं ऑफिस: माझा अनुभव

बालाघाटाच्या कडेला आमचं तालुक्याचं गाव. तिथं जुन्या तहसीलच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर माडीला हे ऑफिस आहे. निवृत्त ओव्हरसियर काका आणि त्यांची वकील सून दोघं मिळून चालवतात. घरपट्टीची हरकत, फेरफार, वारसाची नोंद अशी कामं तिथं होतात. मी त्यांच्याकडून घरपट्टीची हरकत करून घेतली. काम चोख झालं आणि आमच्यासारख्या जुन्या घरांच्या लोकांना ते उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

नगरपरिषदेची चतुर्वार्षिक आकारणी झाली आणि आमची 1,460 रुपयांची घरपट्टी नोटिशीत 6,820 झाली. गल्लीत सगळ्यांचीच वाढली होती. 'मोर्चा काढू, पुढारी बघून घेतील' असंच जो तो म्हणत होता. मी नर्स आहे, ड्यूटीतून वेळ काढणं अवघड. तरी मोर्च्याच्या भरवशावर बसायला मन तयार होईना. नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली होती. ती एकदा गेली की मोर्चा कितीही मोठा निघाला तरी आपल्या घराचा कागद तसाच पक्का होतो.

काकांनी नोटीस हातात घेतली आणि एकूण रकमेकडे न बघता बोट सरळ एका ओळीवर ठेवलं. रोजगार हमी कर. ''घरात दुकान हाय का तुमच्या?'' मी नाही म्हणाले. ''मग हा कर लागलाच कसा? राहत्या घराला हा लागत नसतो. कुणीतरी तुमच्या घरात वाणिज्य वापर लिहिलाय.'' मग त्यांनी आकारणीच्या उताऱ्यासाठी अर्ज करायला लावला. उतारा आल्यावर सगळं उघडं पडलं. 142 चौरस मीटर बांधकाम, सगळं आरसीसी, त्यातली पुढची खोली दुकान.

आमचं घर माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. पुढं ढेलज, म्हणजे रस्त्याकडच्या दारातली पडवी, मग चौक, दोन्ही बाजूंना लाकडी खांबांची ओसरी. मागं सासऱ्यांनी बांधलेल्या दोन खोल्या तेवढ्या आरसीसी. मोजणीला आलेल्या एजन्सीच्या पोरांनी बाहेरून लेसर लावला, रस्त्याकडचं रुंद दार बघितलं आणि निघून गेले.

काका मात्र टेप घेऊन घरी आले. टेपचं एक टोक सासूबाईंच्या हातात दिलं आणि खोली खोली मोजली. भिंतींची जाडी वेगळी टिपली, चौकाची मोजमापं वेगळी. सासूबाईंना काय मोजायलेत ते समजावून सांगत होते. दुकानाचं ऐकून त्या भडकल्याच, ''ढेलजेत कधी तराजू लागला न्हाई, ह्याला दुकान कुणी म्हणलं?'' काकांनी ते वाक्य ऐकलं आणि आमचं वीजबिल मागितलं. त्यावर घरगुती वापर छापलेला असतो; ढेलजेत दुकान नाही हे सांगायला तो कागद सासूबाईंच्या रागापेक्षा जास्त कामी येणार होता. ग्राफच्या कागदावर नकाशा तयार झाला. माळवदी भाग 58, आरसीसी 31, पत्र्याचं न्हाणीघर आणि संडास 7, म्हणजे बांधकाम 96 चौरस मीटर. उरलेले 46 चौरस मीटर उघडा चौक आणि परसू. आभाळाखालच्या जागेवर स्लॅबचा कर लागला होता.

घराचं वय दाखवायचं होतं. आमच्याकडं निजामाच्या काळातलं उर्दू खरेदीखत आहे, पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेलं. वकीलताईंनी ओळखीच्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडून ते वाचून घेतलं. त्यावर 1350 फसली असं साल निघालं; फसली ही निजामाच्या राज्यातली महसुली कालगणना. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे कागद 1940-41 च्या सुमाराचा. सासूबाईंना घर जुनं आहे एवढंच ठाऊक होतं. साल ऐकून त्या बराच वेळ तो कागद हातात घेऊन बसल्या.

हरकत अर्ज दोन पानी. त्यात 'गरिबीचा विचार व्हावा' वगैरे एक ओळ नाही. क्षेत्र चूक, बांधकामाचा प्रकार चूक, वापर चूक. प्रत्येक मुद्द्यापुढं पुराव्याचा क्रमांक. माळवदाच्या तुळयांचे फोटो, नकाशा, वीजबिल, खरेदीखताची नक्कल, जुनी पावती. ताईंनी एक गोष्ट नीट बसवून सांगितली. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात आणि उरतं त्या करयोग्य मूल्यावर कर बसतो. म्हणून भांडायचं ते क्षेत्र, प्रकार आणि वापर यांवर. 'कर जास्त झाला' एवढंच म्हणून काही हलत नाही. दुसरं, नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात पुढं अपील आहे, पण त्यासाठी आधी मुदतीत लेखी हरकत दिलेली असावी लागते आणि मागणीची रक्कमही भरावी लागते. म्हणून आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली पोच जिवापाड जपायची.

सुनावणीला त्यांच्यापैकी कुणी यायचं असेल तर फी वेगळी. ताईच म्हणाल्या, ''तुम्ही स्वतः बोला, घर तुमचं आहे, तुम्हाला जास्त माहिती.'' मी गेले. साहेबांनी नकाशा उलटसुलट बघितला, दुकानाबद्दल दोन प्रश्न विचारले, वीजबिल बघितलं. सुधारित आकारणी 2,910 रुपये आली. दुकान निघालं, चौक निघाला, माळवद माळवद म्हणून लागलं. मागच्या खोल्यांचा वाढीव दर तसाच राहिला आणि तो बरोबरच आहे, खोल्या आरसीसीच्या आहेत.

फी मोजणीसह 1,500 रुपये. कमी झालेल्या रकमेत टक्केवारी मागत नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. आमच्या शेजाऱ्यांनी वर नवा मजला चढवलाय. त्यांना काकांनी कागद बघून स्पष्ट सांगितलं की तुमची आकारणी बरोबर आहे, हरकतीत पैसे घालू नका. एक रुपया न घेता परत पाठवलं.

उणिवाही आहेत. फोन उचलत नाहीत, म्हणजे जवळजवळ नाहीच. जिना उभा आहे आणि धरायला कठडा नाही. सासूबाईंना वर नेताच आलं नाही, काकांनाच खाली यावं लागलं. आमच्या अर्जाच्या पहिल्या टायपिंगमध्ये मालमत्ता क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. मी वाचलं म्हणून सापडला. असा अर्ज दुसऱ्याच्याच घराच्या फायलीत जाऊन पडला असता. त्यांनी लगेच दुरुस्त करून दिला, पण सही करण्याआधी प्रत्येकानं क्रमांक स्वतः जुळवून बघावा.

जाताना नोटीस, जुनी पावती, वीजबिल आणि घराचा जो असेल तो जुना कागद न्या, उर्दूतला असला तरी. आणि नोटीस हातात पडली त्याच आठवड्यात जा. मुदत संपत आली की जिन्यावर खालपर्यंत माणसं उभी असतात. तेव्हा काकांना घरी येऊन मोजायला सवड मिळत नाही, आणि आमचं काम तर त्या मोजणीवरच झालं.