ट्रॅक्शन कंट्रोल: चालू, अर्धं की बंद?

तुमच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं आणि ॲक्सिलरेटरही एकच. वळणातून बाहेर पडताना मागचं फक्त डावं चाक ओल्या पट्ट्यावर आलं आणि गरगरायला लागलं, तर कितीही कसलेला ड्रायव्हर असो, तेवढ्या एका चाकाचा ब्रेक त्याला दाबता येत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलला, म्हणजे चाकांचं गरगरणं रोखणाऱ्या यंत्रणेला, येतो. "खऱ्या ड्रायव्हरला याची गरज नाही" म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्या यंत्रणेला डोळे नाहीत. पुढच्या वळणावर सांडलेलं तेल तुम्हाला लांबूनच दिसतं, तिला चाक घसरल्यावर कळतं. एबीएसच्याच (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून ती प्रत्येक चाकाचा वेग मोजते. इंजिनची ताकद मिळणारी चाकं बाकीच्यांपेक्षा फार जोरात फिरू लागली की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटते, इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ मागे सारते, नाहीतर त्या चाकाला ब्रेक लावते. म्हणजे ती चूक सावरते, टाळत नाही. वळणात शिरतानाच वेग जास्त असेल, तर निव्वळ ट्रॅक्शन कंट्रोल काहीच करू शकत नाही. ते काम घसरणाऱ्या गाडीची दिशा सावरणाऱ्या स्टॅबिलिटी कंट्रोलचं, आणि त्यालाही मर्यादा आहेत. या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. पोर्शच्या कॅरेरा जीटीत ट्रॅक्शन कंट्रोल होतं, स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. पाय अचानक उचलल्यामुळे मागची बाजू सुटली, तर अशा गाडीत सावरायचं तुम्हीच.

आता चालू आणि बंद शेजारी शेजारी ठेवून पाहू.

ओल्या रस्त्यावर चर्चेचा प्रश्नच नाही. टायरची पकड मर्यादित असते आणि वळणात ती दोन कामांत वाटली जाते: गाडी वळवणं आणि पुढे ढकलणं. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की ढकलण्यातच सगळी खर्च होते, वळायला काही उरत नाही, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं बूड बाहेर जातं. आजच्या टर्बो (जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनांत हे आणखी फसवं झालंय. भरपूर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, इंजिन हळू फिरत असताना, कमी आरपीएमलाच हजर असतो, त्यामुळे पावसात तिसऱ्या गिअरमध्येही चाकं सुटू शकतात. सार्वजनिक रस्त्यावर, समोरून वाहनं येत असताना, बंद करण्याचं एकही चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

कोरड्या रस्त्यावर, रोजच्या वेगात, फरक जवळपास शून्य. यंत्रणा झोपलेलीच असते.

खरा वाद ट्रॅकवर आहे. तिथे "बंद केली की गाडी वेगवान होते" असं म्हणतात, ते अर्धसत्य आहे. टायर थोडासा घसरत असतानाच पुढे ढकलण्याची सर्वाधिक पकड देतो, कोरड्या डांबरावर ही घसरण साधारण १० ते १५ टक्के असते, म्हणजे चाक गाडीच्या वेगापेक्षा तेवढं जास्त फिरतं. जुन्या किंवा भित्र्या यंत्रणा त्याआधीच इंजिनाचा गळा दाबतात, गाडी गुदमरल्यासारखी होते आणि वळणातून बाहेर पडताना वेळ जातो. ब्रेकचा मारा सतत चालला तर मागचे पॅडही तापतात आणि झिजतात. अशा गाडीत ट्रॅकवर बटण बंद करणारा चुकत नाही, फक्त त्याला गाडी येत असली पाहिजे.

पण चांगल्या यंत्रणेचं गणित वेगळं. फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर १९९४ पासून बंदी आली, २००१ च्या हंगामात परवानगी मिळाली आणि २००८ पासून पुन्हा बंदी आली. गाड्या हळू होतात म्हणून कुणी बंदी घातली नव्हती. ड्रायव्हरच्या उजव्या पायाचं कसब यंत्र खाऊन टाकतं, ही तक्रार होती. मर्सिडीज-एएमजी जीटी आरमध्ये नऊ टप्प्यांचं गोल बटण आहे, बीएमडब्ल्यूच्या अलीकडच्या एम३ आणि एम४मध्ये दहा टप्पे मिळतात. अशा गाडीत चालू की बंद हा प्रश्नच जुना होतो. मधल्या टप्प्यापासून सुरुवात करायची आणि टायर गरम झाले, हात बसला की एकेक पायरी सैल करत जायचं. मला विचाराल तर पैसे मोजण्यासारखी गोष्ट ही आहे, नुसतं चालू-बंद होणारं बटण नव्हे.

बर्फात, वाळूत किंवा खोल खडीत गाडी रुतली असेल तर मात्र जरूर बंद करा. तिथे सुटायला चाक थोडं फिरावंच लागतं आणि यंत्रणा तेच होऊ देत नाही. बाहेर आलात की लगेच चालू.

राहिला प्रश्न ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली जुनी गाडी घ्यावी का, याचा. (नव्यात हा पर्याय बहुतेक ठिकाणी उरलेलाच नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या कारमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे आणि ट्रॅक्शन कंट्रोल सहसा त्याच्यासोबतच येतं.) इथे मी हॉर्सपॉवरपेक्षा ताकद येते कशी, हे आधी बघेन. हलकी, दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवरची, टर्बो नसलेली गाडी घसरण्याआधी इशारा देते. तिच्यावर शिकणं हा आनंद आहे आणि पायाला लागलेली सवय पुढे प्रत्येक गाडीत कामी येते. १९८७ च्या फेरारी एफ४०ची जातकुळी वेगळी. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आणि दोन टर्बो आधी वाट बघायला लावून मग एकदम ताकद ओततात. तशा स्वभावाची गाडी, मग ती कितीही स्वस्त असो, पहिली स्पोर्ट्स कार म्हणून मी कुणाला सुचवणार नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत धोका त्या मानाने कमी: चाक फिरलं तर ती वळायचं सोडून सरळ जाऊ लागते आणि पाय उचलला की बहुधा परत येते.

बजेट तोकडं असेल तर आधी टायर, मग लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल (डिफरन्शिअल म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच; हा प्रकार सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाऊ देत नाही). साध्या डिफरन्शिअलमध्ये हलकं झालेलं आतलं चाक फिरत राहतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक लावून त्यावर मलमपट्टी करत बसतं. आणि गुळगुळीत किंवा थंड टायरवर जगातली कुठलीही यंत्रणा नसलेली पकड आणू शकत नाही.

टेस्ट ड्राइव्हला गेलात तर रिकाम्या, ओल्या जागी दुसऱ्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, पाय जरा जास्त द्या. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकताना ताकद मऊपणे थोडी कमी झाली, तर यंत्रणा चांगली. धक्का बसून इंजिन दोन क्षण मेल्यासारखं झालं, तर तीच गाडी ट्रॅकवर तुम्हाला वैताग आणेल. बटणाचंही विचारून घ्या: बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, आणि काही सेकंद दाबून धरलं की स्टॅबिलिटी कंट्रोलही.