जुन्या वाकिझाशीचे घासकाम: एका तोगिशींच्या सेवेचा परामर्श

तोगिशीचे, म्हणजे जपानी तलवारींच्या शिकलगाराचे, काम जोखताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: पाते पुन्हा देखणे करण्यासाठी त्याने त्यातले पोलाद किती कमी खर्ची घातले. दगडावर गेलेला कण परत येत नाही, आणि शतके पाहिलेल्या तलवारीच्या वाट्याला अशी अनेक घासकामे आधीच येऊन गेलेली असतात. ओकायामा प्रांतातील एका तोगिशींकडून मी नुकतेच माझ्या वाकिझाशीचे, म्हणजे आखूड जपानी तलवारीचे, संपूर्ण घासकाम करून घेतले. या कसोटीवर त्यांची सेवा मला अव्वल दर्जाची वाटली. उणिवाही आहेत, त्या पुढे नोंदवतो.

वाकिझाशी म्हणजे एक ते दोन शाकू, साधारण ३० ते ६० सेंटीमीटर लांबीचे पाते. माझे पाते एदो काळातले (१६०३ ते १८६८) असून त्यावर घडवणाऱ्याची सही नाही. माझ्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी ते फिरत्या चाकावर धरून चकचकीत करून घेतले होते. या प्रकारात नुकसान दुहेरी होते. पात्याच्या अंगावरून उभी धावणारी शिनोगी ही कड उजेडात एका सलग रेषेत दिसायला हवी, ती चाकावर गोलसर होऊन विरते. आणि धारेलगतचा हामोन, म्हणजे पात्याला माती चोपडून पाणी पाजताना उमटलेली कठीण पोलादाची सीमा, एकसुरी चमकेखाली दबून जाते. चाकावर पाते जास्त तापले तर धारेचे पाणीच उतरते, आणि मग कोणताही दगड ते परत आणू शकत नाही. माझ्या पात्यावर ती वेळ आलेली नव्हती, हे कळायलाही जाणकाराची नजर लागली.

पहिल्या भेटीत तोगिशींनी पाते हातात घेण्याआधी नोंदणीपत्र मागितले. १९५८ च्या शस्त्रविषयक कायद्यामुळे जपानमध्ये अशा प्रत्येक तलवारीला प्रांताच्या शिक्षण मंडळाचे नोंदणीपत्र असावे लागते, आणि पाते घासायला दिले तरी ते कागद सोबत द्यावे लागतात. त्यानंतर त्यांनी एका उघड्या दिव्याखाली पाते तिरपे धरून धार इंच इंच तपासली. धारेला आडवी गेलेली तड, जिला हागिरे म्हणतात, सापडली असती तर काम घेण्यात अर्थ नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. ती नाही याची खात्री पटल्यावर त्यांनी पूर्ण कामाऐवजी आधी ‘मादो’ उघडून पाहण्याचा सल्ला दिला, म्हणजे पात्याचा चार बोटे रुंदीचा एकच भाग शेवटच्या टप्प्यापर्यंत घासून आतले पोलाद काय दर्जाचे आहे ते पाहायचे आणि मगच खर्चाचा निर्णय घ्यायचा. गिऱ्हाईक मोठी रक्कम द्यायला तयार असताना त्याला असे थांबवणारा कारागीर विश्वासाला पात्र असतो, असे माझे मत आहे. मजुरी ‘सुन’ या मापावर ठरते. एक सुन म्हणजे ३.०३ सेंटीमीटर. मला सांगितलेला दर सुनला दहा हजार येनहून अधिक होता. त्या हिशेबाने दोन शाकूंहून लांब असलेल्या कातानाचे, म्हणजे मोठ्या तलवारीचे, काम दोन लाख येनच्या पुढेच जाईल.

काम चालू असताना एकदा कार्यशाळेत बसून पाहण्याची परवानगी मिळाली. तोगिशी उतरत्या लाकडी पाटाशी बुटक्या आसनावर बसतात आणि उजव्या पायाने एक वाकडे लाकूड दाबून त्याखाली दगड जखडून ठेवतात. त्यामुळे दोन्ही हात पात्यासाठी मोकळे राहतात. शेजारच्या घंगाळातल्या पाण्यात ओले पाते गंजू नये म्हणून थोडा अल्कधर्मी क्षार मिसळलेला असतो. दगडांचा क्रम खरबरीत ते मऊ असा असतो. अगदी खरबरीत आराटो हा दगड खोल गंज किंवा खांड असेल तरच वापरतात. मग बिन्सुई, काइसेई आणि नागुराचे दोन प्रकार येतात. यांतला बिन्सुई मूळचा आमाकुसाचा आणि नागुरा मिकावाचा, परंतु या पहिल्या टप्प्यांत आज कृत्रिम दगडही सर्रास वापरतात आणि त्यात काही वावगे नाही. महत्त्वाची आहे ती घासण्याची दिशा. प्रत्येक दगडावर पात्याचा कोन बदलतो, म्हणजे आधीच्या दगडाचा एखादा ओरखडा उरला असेल तर तो नव्या ओरखड्यांना छेद देऊन लगेच नजरेत भरतो. तो पूर्ण गेल्याशिवाय पुढचा दगड हाती घ्यायचा नाही. इथे घाई करणाऱ्याचे पाप अगदी शेवटी, झिलई चढल्यावर उघडे पडते.

क्योतोच्या डोंगरांतून निघणाऱ्या उचिगुमोरी या दगडापासून मात्र नैसर्गिक दगडाला पर्याय नाही, आणि माझ्या पात्याचे खरे सोने झाले ते इथेच. नागुरापर्यंत पाते नुसते करडे, मुके दिसते. उचिगुमोरीच्या मऊ चिखलातून ते हळूहळू पुढेमागे सरकू लागले, तशी धारेलगत हामोनची पांढुरकी कड वर येऊ लागली. या दगडाच्याही दोन जाती आहेत: हातो हा मऊ असून धारेच्या बाजूसाठी, तर जितो हा किंचित कठीण असून पात्याच्या अंगासाठी. पोलादाच्या घड्या घालून ठोकताना तयार झालेली वीण, जिला हादा म्हणतात, जितोवर उमटते. माझ्या पात्याची वीण फळीवरच्या रेषांसारखी वळणे घेत जाणारी निघाली, आणि चाकाच्या चमकेखाली ती इतकी वर्षे झाकलेली होती.

इथपर्यंत दगड स्थिर आणि पाते हलते. पुढच्या कामात पाते स्थिर असते आणि दगड हलतो. उचिगुमोरीचा कागदाइतका पातळ घासलेला तुकडा मागून जपानी कागद लाखेने चिकटवून अंगठ्याखाली फिरवतात, त्याला हाझुया म्हणतात. नारुताकी दगडाच्या तशाच बारीक तुकड्यांनी, म्हणजे जिझुयाने, पात्याच्या अंगाची वीण खुलवतात. मग लोहाच्या पापुद्र्याची वस्त्रगाळ भुकटी तेलात कालवून, गाळून, कापसाने चोळतात. या नुगुईमुळे अंगाला गडद खोली येते. या टप्प्यावर तोगिशींनी मला एक निवड करायला सांगितली. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) होन्‌आमी हेइजूरो या तोगिशींमुळे रूढ झालेल्या हादोरी पद्धतीत हामोनच्या आकाराला धरून तो भाग हाझुयाने पांढरा करतात. लांबून पाहणाऱ्याला ते फार उठावदार दिसते. जुन्या साशिकोमी पद्धतीत असा पांढरा लेप नसतो आणि हामोन जसा आहे तसा, त्याच्या धुक्यासह आणि चमकत्या कणांसह, पाहावा लागतो. मी साशिकोमी निवडली. प्रदर्शनाच्या काचेमागे ठेवायचे पाते असते तर कदाचित हादोरी सांगितली असती; हातात धरून, दिव्याच्या उजेडात वळवून पाहायचे असेल तर साशिकोमीत पाहण्यासारखे पुष्कळ अधिक उरते. शेवटी पाठीचा आणि शिनोगीच्या वरचा भाग पोलादी सळईने घोटून आरशासारखा केला जातो आणि टोक, म्हणजे किस्साकी, स्वतंत्रपणे आडवे घासून वेगळे उठवले जाते. माझ्या पात्याच्या टोकाची सीमारेषा आता नजर ठरेल इतकी नेमकी आहे.

आता मी ज्यासाठी या तोगिशींना सर्वाधिक गुण देतो ती गोष्ट सांगतो. पात्याच्या मधोमध, एका बाजूला, जुन्या गंजाचा जेमतेम मिलिमीटरभर खड्डा होता आणि तो आजही तिथेच आहे. तो काढायचा तर आजूबाजूचे सगळे अंग त्या पातळीपर्यंत खाली आणावे लागले असते, आणि बाहेरच्या कठीण पोलादाचा थर तिथे आधीच पातळ झाल्यामुळे आतले मऊ, निस्तेज पोलाद उघडे पडण्याचा धोका होता. त्यांनी मला खड्डा दाखवला, कारण सांगितले आणि तो तसाच ठेवणार असल्याचे स्पष्ट केले. त्यांच्या जागी दुसरा कोणी गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी तो पुसून टाकू शकला असता आणि पुढच्या घासकामाचा वाव कायमचा संपवून बसला असता. मुठीत जाणाऱ्या नाकागोच्या भागालाही त्यांनी हात लावला नाही. तिथला तपकिरी-काळा गंज पात्याच्या वयाचा पुरावा असतो, आणि सही नसलेल्या पात्याला तर तेवढाच आधार.

उणिवांपैकी मुख्य म्हणजे प्रतीक्षा. पाते हाती घेतले जाण्यापूर्वी अनेक महिने रांगेत थांबावे लागले आणि मधल्या काळात स्वतःहून काहीच कळवले गेले नाही. विचारले तेव्हा उत्तर आदराने मिळाले, पण विचारावे लागले. टप्प्याटप्प्याची छायाचित्रेही मिळाली नाहीत. एवढ्या खर्चाच्या कामात ती मिळायला हवीत, कारण पुढचा तोगिशी कधीतरी हे पाते हाती घेईल तेव्हा त्याला त्यांचा उपयोग होईल. ज्यांना तोगिशी निवडायचा आहे त्यांनी तो कोणाच्या हाताखाली शिकला आणि निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या तलवार-जतन संस्थेच्या वार्षिक घासकाम स्पर्धेत त्याचे काम गेले आहे का, हे जरूर विचारावे. या कलेत होन्‌आमी कोशू या तोगिशींना २०१४ मध्ये जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला आहे, पण परवान्याची सक्ती नसल्याने नुसत्या पाटीवर विसंबून चालत नाही.

काम झाल्यावर पाते जुन्या म्यानात घालून द्यायला तोगिशींनी साफ नकार दिला. जुन्या म्यानात अडकलेला गंजाचा एखादा कणही नव्या झिलईवर ओरखडा काढतो, म्हणून होनोकी लाकडाचे साधे शिरासाया म्यान नव्याने करून घ्यावे लागले. त्याचे दोन भाग भाताच्या खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे पुढे कधी ते उघडून आतून साफ करता येते. म्यान करणारा कारागीर वेगळा, त्याची रांग वेगळी आणि मजुरीही वेगळी. पहिल्या अंदाजपत्रकात हा खर्च धरलेला नव्हता. ताज्या घासकामावर गंज लवकर धरतो, तेव्हा सुरुवातीचे काही महिने पाते वरचेवर काढून, तेल पुसून, तपासून, पुन्हा लवंगेच्या वासाचे चोजी तेल लावावे, ही सूचना त्यांनी हाताने लिहून म्यानासोबत दिली होती. म्यानाचा खर्च आणि त्याला लागणारा वेळ मात्र पहिल्याच भेटीत विचारून, लिहून घ्यावा.