पाठपोट प्रूफ: हाताने उलटायचा इंकजेट की टोनर मशीन?

पाठपोट प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायला कागदाच्या दोन्ही बाजूंना काढलेला नमुना. त्यासाठी दोन्ही मशीनं एकदम घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हा प्रश्न मला पुरता छळून झालाय. चार रंगांच्या बी१ (साधारण ७०० × १००० मिलिमीटर कागदाच्या) छपाई मशीनवर काम करणाऱ्याच्या नजरेतून लिहितोय, हे आधीच सांगतो. एकीकडे ४४ इंची रोलवर चालणारा इंकजेट: फर्म्याची (एका मोठ्या कागदावर घडीच्या क्रमाने लावलेल्या पानांची) एक बाजू काढायची, कागद उलटायचा, दुसरी बाजू काढायची. दुसरीकडे एसआरए३ (ए३ पेक्षा थोड्या मोठ्या) आकाराचं टोनर मशीन, जे कागद स्वतःच उलटतं. मोठा कागद आपोआप उलटणारे इंकजेटही पाहिले. पण उलटवणारा भागच रुसला तर सगळंच अडणार, ही धास्ती मनातून गेली नाही. ज्यांच्याकडे सुरळीत चाललंय त्यांना माझं म्हणणं पटणार नाही कदाचित.

रंगाचं आधी मिटवून टाकू. ज्यावर गिऱ्हाईक सही करतं तो रंगाचा प्रूफ आयएसओ १२६४७-७ या प्रूफच्या मानकाच्या हिशेबाने, योग्य कागदावर, रंगपट्टी मोजून काढायचा असतो आणि तो एकाच बाजूला असला तरी भागतं. पाठपोट प्रूफ हा घडीसाठी आणि पानांच्या क्रमासाठी. तेव्हा दोन मशीनपैकी कोणाचा लाल जास्त लाल, या वादात इथे पडत नाही. मी त्यात बराच वेळ घालवला, तो फुकट गेला.

आमच्याकडे आधी टोनर होतं आणि त्याच्यावर माझा राग नाही. ए४ मासिकाचं जोडपान ब्लीडसकट (कापात जाणाऱ्या जादा कडेसकट) एसआरए३ वर पूर्ण आकारात बसतं. चहा होईपर्यंत डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत, तयार, पिना मारून, कापून गिऱ्हाइकाच्या हातात. पहिल्या बाजूच्या उष्णतेने कागद किंचित आकसतो आणि मागची बाजू सरकल्यासारखी दिसते. पण प्रत्येक बाजूचं माप वेगळं देता येतं, एकदा बसवलं की झालं. गडद भागावर घडी पडली की टोनर तडकतो, तेवढं चालवून घ्यायचं.

बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवर. एका ६४ पानी मासिकात शेवटच्या दिवशी एक पान बदलून आलं. मुलाने मूळ पीडीएफमध्ये पान बदललं, टोनरवर डमी काढली, गिऱ्हाइकाने नवीन पान पाहून सही केली. छपाईच्या प्लेटा मात्र आदल्या दिवशी लावून ठेवलेल्या फर्म्यांवरून निघाल्या आणि त्यात जुनंच पान होतं. डमी बरोबर, प्लेट चुकीची! तो अख्खा फर्मा पुन्हा छापला. चूक आमची होती, मशीनची नव्हे, हे मान्य. पण डमी एका वाटेने आणि प्लेट दुसऱ्या वाटेने निघत असेल, तर ही चूक आज ना उद्या कोणीतरी करणारच. फिल्मच्या काळात निळी ब्लूप्रिंट दिसायला कशीही असो, ज्या फिल्मवरून प्लेट बनायची त्याच फिल्मवरून ती निघायची. ब्लूप्रिंटमध्ये नसलेलं पान प्लेटवर येणं शक्यच नव्हतं.

टोनरवरही लावलेला फर्मा छापता येतो, असं कोणी म्हणेल. येतो, पण ७०० × १००० मिलिमीटरचा कागद एसआरए३ वर बसवायला सुमारे ४५ टक्क्यांवर आणावा लागतो. दहा पॉइंटचा मजकूर साडेचार पॉइंटचा होतो. पानांचा क्रम कळतो. पान क्रमांक कापात जातोय का, हे कळत नाही. गिऱ्हाईक ती चिमुकली डमी कौतुकाने उलटीपालटी करतं आणि न वाचताच सही करतं.

इंकजेटवर प्लेटसाठी रिप झालेली (छपाईच्या ठिपक्यांत बदललेली) फाइलच पूर्ण आकारात काढता येते. माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला. बाकीचा त्रास आहेच आणि तो लपवत नाही. रोल संपत आला की कागदाला असा बाक येतो की उलटल्यावर कड वर उचलून शाई सोडणाऱ्या हेडला घासते. पहिली बाजू नीट वाळली नसेल तर दुसऱ्या फेरीत खाली घासून काळपट होते. प्लॅटनवर (कागदाखालच्या पाटावर) शाई सांडलेली असेल तर विचारूच नका. आणि पाठपोटचा इंकजेट कागद बहुधा छपाईच्या कागदापेक्षा जाड असतो. मधल्या पिनेच्या पुस्तकात आतली पानं किती बाहेर सरकतील, हे डमीवर वाढवूनच दिसतं. ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड धरला, तर ९६ पानांत, म्हणजे एकात एक घातलेल्या २४ घड्यांत, सरक जवळपास २.४ मिलिमीटर होते. हा हिशेब कागदावर करावा, डमीच्या कडेवर जाऊ नये.

उलटण्याचा त्रास मात्र आवाक्यात आणता आला. प्रतिमा रोलच्या रुंदीत बरोबर मध्यावर ठेवायची आणि कागद नेहमी डावी-उजवीकडेच उलटायचा, म्हणजे पुढची कड तीच राहते. फर्मा टम्बलचा (मशीनवर कागद डावी-उजवीकडे नव्हे, तर पुढची कड मागे करून उलटायचा) असला तरी मी असाच उलटतो. मागची बाजू फाइलमध्ये १८० अंशांनी फिरवतो. रोलवरचा काप काटकोनात नसला तरी मग फारसं बिघडत नाही. उजेडासमोर धरून पाहिलं तर आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या खुणा मिलिमीटरभराच्या आत येतात. मोजपट्टी लावून कोणी जास्त सांगितलं तर मी भांडणार नाही.

तुमचं मशीनच लहान असेल आणि कामं बहुतेक पत्रकं आणि पातळ पुस्तिकांची असतील, तर टोनर घ्या, माझी गोष्ट विसरा. रोज चार-पाच डमी लागत असतील तरीही इंकजेटवर कागद उलटणारा माणूस कंटाळेल. पण बी१ वर सोळा पानी फर्मे लावत असाल, तर मी तरी हातानेच उलटेन. कड चुकू नये म्हणून पहिली बाजू निघाली की पुढच्या कडेला पेन्सिलने फुली मारतो. मशीनमन सुरुवातीला हसायचा; आता डमी हातात आली की बाइंडरही आधी ती फुली शोधतो.