साडेचार-के ऑल-इन-वन, की पेटी वेगळी आणि पडदा वेगळा?

लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचांचं एक पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) उघडलं की ते आडवं १०,८०० पिक्सेल भरतं. फुल एचडी मॉनिटरवर शंभर टक्के झूमला त्यातले १,९२० दिसतात. नवरीच्या मुंडावळ्या तपासताना नवरदेव पडद्याबाहेर जातो आणि दिवसभर पान इकडून तिकडे ओढत बसावं लागतं. २४ इंची आयमॅक म्हणजे पडद्यातच संगणक असलेलं ऑल-इन-वन. त्याचा पडदा ४,४८० बाय २,५२० पिक्सेलचा, म्हणजे साडेचार-के आहे. त्यावर तेच पान आडवं ४० टक्के एका नजरेत येतं आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो जवळजवळ अर्धा. अल्बम आणि पत्रिकांचं काम करणारे बरेच जण सध्या या मशीनपाशी अडलेत. घ्यावं, की तेवढ्याच पैशात मॅक मिनी (पडदा नसलेली छोटी पेटी) आणि सुटा मॉनिटर जोडावा?

पडद्याला मी पूर्ण मार्क देतो. इथे इंचाला २१८ पिक्सेल बसतात; २७ इंची फुल एचडीवर ८२. हा फरक मला फोटोपेक्षा पत्रिकेत जास्त जाणवला. खालच्या बाजूला निमंत्रकांच्या नावांची बारीक यादी असते. त्यातला रफार, अनुस्वार, ‘ष्ट’ की ‘ष्ठ’, हे जुन्या मॉनिटरवर झूम केल्याशिवाय कळायचं नाही. इथे अक्षर कागदावर छापल्यासारखं उभं राहतं. एखाद्या घरातल्या थोरल्या माणसाचं नाव चुकलं तर सगळी पत्रिका पुन्हा छापावी लागते, म्हणून या एका गोष्टीला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. पैठणीची जर आणि गळ्यातल्या साजाची पानंही सुटी दिसतात.

रंगांचं मात्र नीट समजून घ्या. हा पडदा पी-३ या मोठ्या रंगपट्ट्यातले रंग दाखवतो, तर अल्बमच्या लॅब बहुतेक करून एसआरजीबी या लहान रंगपट्ट्यातली फाइल मागतात आणि ऑफसेटला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची फाइल लागते. फाइल नीट बदलून दिली नाही तर पडद्यावरचा शालूचा लाल रंग अल्बमात विटका येतो. शिवाय ५०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पूर्ण उजेड लावून काम केलं की फोटो आपोआप उजळ वाटतात, आपण ते आणखी उजळत नाही आणि प्रिंट काळपट येते. उजेड उतरवून, लॅबमधून आलेली एक प्रिंट शेजारी धरून पडदा जुळवून घ्यायचा.

आता पैसे. एम-४ चिपचा आयमॅक २०२४ मध्ये १,३४,९०० रुपयांपासून बाजारात आला. त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. त्याच वेळी आलेला मॅक मिनी, तेवढ्याच रॅमचा आणि साठवणीचा, ५९,९०० चा होता. उरलेल्या पाऊण लाखात २७ इंची फोर-के मॉनिटर येतो, तोही चांगला. त्यात इंचाला १६३ पिक्सेल, म्हणजे अक्षर आयमॅकइतकं कोरीव दिसत नाही, पण फुल एचडीच्या कितीतरी पुढे. आयमॅकसारखाच पडदा सुटा हवा असेल तर अ‍ॅपलचाच २७ इंची फाइव्ह-के डिस्प्ले २०२४ मध्ये १,५९,९०० चा होता, म्हणजे अख्ख्या आयमॅकपेक्षा महाग. तेव्हा इतकी सुबक स्क्रीनच हवी असेल, तर ऑल-इन-वन महाग नाही.

महाग पडतं ते पुढे. रॅम बोर्डवरच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. घेतानाच २४ जीबी केली तर २०२४ मध्ये २०,००० जास्त पडायचे, साठवण ५१२ केली तर आणखी २०,०००. दोन कॅमेऱ्यांचं एक लग्न रॉमध्ये (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलींत) शंभर जीबी सहज खातं, म्हणून बाहेरची एसएसडी लागतेच. पाच-सात वर्षांनी चिप जुनी होते तेव्हा पडदा मात्र ठणठणीत असतो, आणि तोही तिच्याबरोबर जातो. बिघाडाचंही तसंच. माझ्याकडे पूर्वी एका दुसऱ्या कंपनीचा विंडोज ऑल-इन-वन होता. ऐन लग्नसराईत त्याचा पॉवरचा भाग गेला. स्क्रीन धडधाकट, तरी सगळंच दुरुस्तीला गेलं आणि अकरा दिवस टेबल रिकामं. पडदा वेगळा असता तर कुणाचा तरी लॅपटॉप आणून जोडला असता.

जुना २७ इंची फाइव्ह-के आयमॅक स्वस्तात मिळतो म्हणून मोहात पडू नका. त्याची रॅम मागची झडप उघडून वाढवता येते हे खरं, पण त्यात इंटेलची चिप आहे आणि २०२५ ची मॅकओएस ही इंटेलसाठी शेवटची. साधी केबल लावून तो नुसता मॉनिटर म्हणूनही वापरता येत नाही.

कोल्हापुरात आणखी एक हिशोब धरावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला शिरलं. तळमजल्यावर दुकान असेल तर सुमारे साडेचार किलोचं, एका वायरीचं मशीन एकट्या माणसानं उचलून माडीवर नेता येणं ही मोठी सोय आहे. पेटी, मॉनिटर, यूपीएस, वायरी यांच्या तीन फेऱ्या होतात.

फ्लेक्स आणि ऑफसेटवाल्यांना मी हे मशीन सुचवणार नाही. वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये, विंडोजवरच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये अडकलेल्या असतात, कुठे फॉन्टचा डोंगलही (संगणकाला लावायची किल्ली) असतो. अ‍ॅपलच्या चिपवर पूर्वीसारखं बूट कॅम्पनं विंडोज टाकता येत नाही. त्यांनी विंडोज पेटी आणि फोर-के मॉनिटर घ्यावा. अल्बम, पत्रिका आणि फोटो रिटचिंग एकाच टेबलावर करणाऱ्यानं आयमॅक घ्यावा, साठवणीत कंजूषी केली तरी चालेल, रॅम २४ घ्यावी. दोन माणसं आळीपाळीनं बसत असतील तर मिनी बरा, कारण आयमॅकचा स्टँड मागेपुढे झुकतो, वरखाली होत नाही.

दुकानात बघायला जाताना स्वतःच्या अल्बमचं एक पान आणि एक पत्रिका बरोबर न्या, त्यांनी लावलेली डोंगरदऱ्यांची चित्रं बघून ठरवू नका. पेन ड्राइव्ह टाइप-सीचा न्या, साधा त्यात बसत नाही.