तिरक्या बाऊलचा सरळ गंडा

मांजराच्या जेवणाचा बाऊल: पंधरा अंशांत तिरका, मांजराच्या कानांचा आकार, खाली लाकडी वाटणारा स्टँड, वर ‘व्हेटनी सुचवलेला’ असा शिक्का. 1,499 वर काट मारलेली, आज फक्त 499, आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ. ही जाहिरात बरोब्बर वेळेवर येते. मांजर ताटलीपाशी येतं, हुंगतं, पंजाने फरशी खरवडतं आणि शेपूट वर करून निघून जातं. दोन वेळा असं झालं की घरातलं कुणीतरी मोबाइलवर ‘मांजर जेवत नाही’ असं शोधतं, आणि थोड्याच वेळात हा बाऊल स्क्रीनवर हजर होतो. घाबरलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही आणि मापही विचारत नाही. या धंद्याचं सगळं भांडवल तेवढंच आहे.

पार्सलमधून काय निघतं ते नीट पाहू. जाहिरातीत ‘सिरॅमिक, 15 अंश, 400 मिली’ असं असतं. हातात आलेल्या ठरावीक नमुन्याचं तोंड 11 सेंमी असतं आणि खोली अडीच. गणित अगदी शाळेतलं आहे: साडेपाच गुणिले साडेपाच गुणिले 3.14 गुणिले अडीच, म्हणजे 237 मिली. तेही कडा उभ्या सरळ असल्या तर. त्या आत उतरत्या असतात, म्हणजे आणखी कमी. 400 मिली त्यात बसूच शकत नाही. आणि हे कळायला पार्सलची वाट पाहावी लागत नाही, कारण बऱ्याच वेळा व्यास आणि खोली त्याच पानावर खाली बारीक अक्षरात दिलेली असते.

आता तिरकेपणा. बाऊल सपाट ओट्यावर ठेवून पुढच्या आणि मागच्या काठाची उंची पट्टीने मोजा. खऱ्या 15 अंशांसाठी हा फरक व्यासाच्या साधारण पाव पट हवा, म्हणजे 11 सेंमीच्या बाऊलला पावणेतीन-तीन सेंमी. या नमुन्यात तो जेमतेम एक सेंमी भरतो. म्हणजे पाचेक अंश. गंमत अशी की 15 अंश खरे असते तर आणखी पंचाईत होती. अडीच सेंमी खोल बाऊल तेवढा कलता झाला की त्यात निम्मंसुद्धा पाणी राहत नाही आणि ग्रेव्हीचं ओलं अन्न, म्हणजे वेट फूड, पुढच्या काठावरून फरशीवर येतं. तिरका बाऊल कोरड्या दाण्यांना ठीक, कारण दाणे घरंगळून पुढे गोळा होतात. तोही पुढचा काठ निदान चार सेंमी उंच असेल तर. पाण्यासाठी तिरका बाऊल मुळीच घेऊ नका.

मालाची परीक्षा करायला वजनकाटा पुरतो. 13 ते 15 सेंमीचा खरा सिरॅमिक बाऊल सहसा पाव किलोच्या वर भरतो. शंभर ग्रॅमच्या आसपास काटा थांबला तर ते मेलामाइन किंवा साधं प्लास्टिक. रंगवलेलं रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिकसारखं द्रव्य, मात्र वजनाला फसवतं, म्हणून बोटाच्या पेराने वाजवून पाहा. भाजलेली माती ‘टण्’ करते, रेझिन ‘थप्’. मग बाऊल उलटा करा. भट्टीत भाजलेल्या भांड्याच्या तळाला बहुधा एक खरखरीत, न चकाकणारी गोल कड असते; ओतीव रेझिन तळापर्यंत सारखंच गुळगुळीत रंगवलेलं असतं. शेवटची खात्री म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून तळाशी घासायचा. भाजलेली झिलई हलत नाही, रंग कापसावर येतो. असा रंग आतल्या बाजूलाही असेल तर त्यात मांजराला काही घालू नका. त्याची जीभ कानसीसारखी खरखरीत असते आणि ते बाऊल चाटून साफ करतं, हे विसरू नका.

स्टीलच्या बाबतीत फसवणूक जास्त हुशारीची आहे. ‘304 ग्रेड, चुंबक लावून पाहा’ असं विक्रेता स्वतःच सांगतो (304 म्हणजे चांगल्या प्रतीचं, सहसा न गंजणारं स्टील) आणि व्हिडिओत चुंबक चिकटत नाही. पण चुंबक तर 202 ग्रेडलाही चिकटत नाही, आणि 202 स्वस्त असतं, गंजालाही लवकर बळी पडतं. उलट अस्सल 304 ची पत्रा दाबून खोल भांडी केली की काठाशी चुंबक किंचित ओढलं जातं. थोडक्यात, त्या व्हिडिओने काहीच सिद्ध होत नाही. दुहेरी भिंतीच्या बाऊलमध्ये आणखी एक गोम: सांध्याला बारीक फट असली की धुताना पाणी आत शिरतं. हलवून कानाशी धरा, खुळखुळ ऐकू येते. दोन-तीन आठवड्यांत त्याच फटीतून कुजका वास सुटतो. आपल्याला तो येतही नाही, मांजराला येतो. आधीच नखरेल असलेलं मांजर मग त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही, आणि मालकाला वाटतं, आता आणखी महाग बाऊल हवा.

कानांच्या आकाराबद्दल एवढंच की त्या दोन टोकांत बोट जात नाही, घासणीही जात नाही. वेट फूड तिथे वाळून बसतं.

या सगळ्या विक्रीमागे एक शब्द असतो, ‘व्हिस्कर फटीग’, म्हणजे मिशांचा थकवा: मिशा वाटीच्या काठाला घासून त्रास होतो म्हणून मांजर जेवत नाही, असा दावा. मांजराच्या मिशा फार संवेदनशील असतात, दोन्ही बाजूंना बाराच्या आसपास, हे खरंच. अरुंद खोल वाटीत त्या काठाला घासतात, हेही खरं. पण 2021 मध्ये ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’त 38 मांजरांवरचा अभ्यास छापून आला. नेहमीची वाटी आणि मिशांसाठी म्हणून विकलं जाणारं पसरट भांडं यांत मांजरांनी किती खाल्लं, किती वेळ खाल्लं, यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दोन्ही समोर ठेवल्यावर मात्र पसरट भांड्याकडे कल जास्त दिसला. म्हणजे पसरट भांडं आवडू शकतं. ते न जेवणाऱ्या मांजराला जेवायला लावणारं औषध नाही.

आणि पसरट भांडं घरात आधीच असतं. चहाची मोठी बशी किंवा पोह्यांची उथळ स्टीलची डिश: व्यास 13 ते 15 सेंमी, खोली दोन-अडीच. उंची हवी तर ती डिश पालथ्या डब्यावर ठेवा, जमिनीपासून आठ-दहा सेंमी, खाली ओलं फडकं, म्हणजे घसरत नाही. मुंग्या येत असतील तर डब्यासकट एका रुंद ताटात ठेवा आणि ताटात बोटभर पाणी घाला. ‘मुंगीरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाऊलचा पाण्याचा चर इतका अरुंद असतो की एक दाणा त्यात पडला तरी मुंग्यांना पूल मिळतो.

चार-पाच दिवस ही डिश आणि जुनी वाटी शेजारी ठेवा, दोन्हींत सारखं मोजून अन्न, आणि जागा रोज अदलाबदल. मांजर सतत डिशच निवडत असेल तरच नव्या भांड्याला अर्थ आहे. त्याआधी लिंबाच्या वासाचा साबण बंद करा. बऱ्याच मांजरांना तो वास नको असतो आणि आपण नेमकी त्याच वडीने बाऊल घासतो. वेट फूड फ्रिजमधून काढून थंडगार देऊ नका, कोमट करा. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की ड्राय फूड सादळतं, त्यातली चरबी खवट होते. वाटीचा आणि रुसव्याचा संबंध नसतो, अशी बरीच प्रकरणं इथेच मिटावीत.

मिटली नाहीत तर बाऊल शोधू नका. मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेततं. भूक असून तोंड लावून मागे होणं, एकाच बाजूने चावणं, दाणे तोंडातून पडणं, लाळ गळणं ही दातांची किंवा हिरड्यांची लक्षणं. ‘पार्सल पाच दिवसांत येतंय, मग बघू’ म्हणून घालवलेले पाच दिवस 499 रुपयांपेक्षा महाग पडतात.

पैसे गेलेच असतील तर पुढचं. पार्सल उघडण्याआधी व्हिडिओ सुरू करा आणि लेबल स्पष्ट दिसू द्या. वेबसाइट उद्या गायब होते. लेबलावरचा ट्रॅकिंग नंबर आणि परतीचा पत्ता मात्र हाती राहतो. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरिअरकडून विक्रेत्याला लगेच मिळत नाहीत, मध्ये काही दिवस जातात. म्हणून तक्रार त्याच दिवशी कुरिअर कंपनीकडे लेखी करा, ट्रॅकिंग नंबर टाकून.

दुसरा गंडा इथेच बसतो. वेबसाइटवर फोन नंबर नसतो म्हणून लोक ‘कस्टमर केअर’ शोधतात आणि भलत्याच माणसाला फोन लावतात. तो फार गोड बोलतो, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो किंवा ‘रिफंड घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. टाकलाच असेल तर फोन ठेवून ताबडतोब 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि मग बँक.

नुसता वाईट माल आला असेल तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं. वेबसाइटवर कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी यांची माहिती हवी. ही माहिती नसलेल्या पानाचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. सोबत पट्टी धरून काढलेला बाऊलचा फोटो आणि जाहिरातीतलं माप शेजारी-शेजारी ठेवा.