खानापूर तालुक्यातील आमच्या अंगणवाडीतले मातृपूर्ण जेवण

कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून राज्यभर सुरू झालेल्या मातृपूर्ण योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच दुपारचे गरम जेवण मिळते. वाफाळता भात, पालेभाजी घातलेले सांबार, उकडलेले अंडे, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की असे ताट समोर येते आणि घरी सर्वांना वाढून शेवटी बसणारी माझी सून येथे वेळेवर, पोटभर जेवते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. लोहाची गोळी अंगणवाडीताई समोरच घ्यायला लावतात. मात्र ओल्या बाळंतिणीने रोज उन्हातून चालत यावे, ही अपेक्षा योग्य नाही. तिचा डबा घरपोच मिळायला हवा. आहाराचे तक्ते केवळ कन्नडमध्ये आहेत, ते मराठीतही लावावेत.